ढुंगण, कुल्ले, बोचा आणि बाकीचे: वडोदऱ्याच्या मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दांडिया बाजारात आमच्या घरी रविवारी सकाळी दहा-बारा मुलं मराठी वाचायला येतात. शाळेत इंग्रजी आणि गुजराती, सोसायटीत खेळताना हिंदी, आणि मराठी फक्त आजीशी बोलण्यापुरती, अशी ही मुलं. त्यांना सोडायला-न्यायला आलेले आई-बाबा जिन्यात थांबतात आणि काहीबाही विचारतात. विभक्ती नि समासाबद्दल क्वचितच कोणी विचारतं. सगळ्यांत जास्त प्रश्न येतात ते शरीराच्या एका भागाच्या नावाबद्दल, आणि विचारताना प्रत्येकाचा आवाज खाली येतो. आठ-नऊ वर्षांत तेच प्रश्न फिरून फिरून आले, म्हणून उत्तरं एकदा लिहून ठेवते आहे. शब्द जसेच्या तसे लिहिले आहेत, मध्ये फुल्या घातलेल्या नाहीत. शब्दाबद्दलच बोलायचं असेल तर तो उच्चारावा लागतो.

‘ढुंगण’ आणि ‘कुल्ले’ यांत फरक काय? दोन्हींचा अर्थ एकच ना?

एकच नाही. ढुंगण एक असतं, कुल्ले दोन असतात. ‘ढुंगण’ हे नपुंसकलिंगी नाम, माणूस ज्यावर बसतो तो सगळा भाग मिळून. ‘कुल्ला’ किंवा ‘कुला’ पुल्लिंगी, आणि तो त्यातला एक गोळा, डावा किंवा उजवा. म्हणून ‘उजव्या कुल्ल्यावर गळू झालंय’ हे बरोबर वाक्य आहे, ‘उजव्या ढुंगणावर’ असं मराठी माणूस म्हणत नाही. उलट, ‘ढुंगण धुऊन दे’ असं बाळाच्या बाबतीत म्हणतो, तिथे ‘कुल्ले धुऊन दे’ म्हटलं तर अर्धंच काम सांगितल्यासारखं होतं.

हा बारकावा नव्या पिढीच्या बोलण्यातून जातो आहे, कारण इंग्रजीतून शिकलेल्या मुलांना एकच शब्द पुरतो. मला तो जपावासा वाटतो. दवाखान्यात त्याचा उपयोग होतो, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

हे शब्द आले कुठून? संस्कृतातून का?

‘ढुंगण’ संस्कृतातून आलेला दिसत नाही. संस्कृतात या भागासाठी स्वतःचे शब्द भरपूर आहेत: नितंब, स्फिच्, श्रोणी, कटिप्रोथ. त्यांतल्या एकाचाही उच्चार झिजून ‘ढुंगण’ होऊ शकत नाही. जुने वैयाकरण अशा शब्दांना ‘देशी’ म्हणत, म्हणजे लोकांच्या तोंडी आधीपासून असलेले आणि संस्कृतात ज्यांचं मूळ सापडत नाही असे. पण त्याचे भाऊबंद आहेत. राजस्थानात आणि हरियाणात याच भागाला ‘ढूंगा’ म्हणतात. म्हणजे हा शब्द नुसत्या महाराष्ट्रातला नाही, पश्चिम आणि उत्तर हिंदुस्थानात पसरलेला आहे.

‘कुल्ला’ची गोष्ट मला जास्त आवडते. गुजरातीत ‘कूलो’ म्हणजे आपला कुल्लाच. हिंदीत ‘कूल्हा’ जरा बाजूला आणि वर सरकतो, तिथे तो खुबा किंवा कमरेची बाजू होतो. आणि सिंधीत ‘कुल्हो’ म्हणजे चक्क खांदा! वारसिया भागातल्या एखाद्या सिंधी आजोबांचा ‘कुल्हो’ दुखत असेल तर त्यांना बसायला काही त्रास नसतो, हात वर करायला असतो. बोली बदलत गेली तसा एकच शब्द अंगावरून खाली उतरत गेला, आणि फाळणीनंतर सिंधी कुटुंबं इथे आली तेव्हा त्याची दोन टोकं वडोदऱ्यातल्या एकाच बाजारात येऊन भेटली.

‘ढुंगण’ ही शिवी आहे का?

नाही. हे उत्तर मी कितीही वेळा द्यायला तयार आहे.

शिवी आणि अवयवाचं नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘ढुंगण’ हा घरातला, रोजचा, साधा शब्द आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी तो अंगणात मोठ्याने उच्चारला आहे: ‘अरे, ढुंगणावर चड्डी चढव आधी.’ मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती 1831 साली निघाली आणि मोठी, सुधारलेली आवृत्ती 1857 साली. त्यात असे शब्द गाळलेले नाहीत. लोक बोलतात तो शब्द कोशात हवा, एवढं साधं तत्त्व होतं. पुढे शाळेची पुस्तकं आली आणि लहान मुलांसाठी अवयवांची यादी तयार झाली. ती यादी कोणत्याही पुस्तकात पाहा: डोके, मान, खांदे, छाती, पोट, पाठ, कंबर, आणि मग एकदम मांडी. कंबर आणि मांडी यांच्या मध्ये मुलांना काही नसतंच, असं ती यादी सांगते. शब्द असभ्य होता म्हणून तो यादीतून गेला, असं आपण समजतो. मला वाटतं, तो यादीतून गेला म्हणून असभ्य झाला.

मग ‘तो’ दुसरा शब्द? तो तरी शिवीच ना?

‘गांड’ हा शब्द आज शहरी मराठीत कठोर आहे, हे मान्य. चारचौघांत तो वापरू नये, मुलांनी तर नाहीच, असं मीही सांगते. पण तो कायमच तसा होता असं नाही. तुकाराम महाराजांचा ‘मऊ मेणाहुनि आम्ही विष्णुदास’ हा अभंग सगळ्यांना पाठ असतो. त्यातला भल्या माणसाला काय देऊ ते सांगणारा चरण आपण ‘कासेची लंगोटी’ असा म्हणतो. गाथ्यात तिथे ‘गांडीची लंगोटी’ असा पाठ आहे. शाळेत आणि सभेत म्हणताना तो बदलला गेला.

महाराजांना तिथे शिवी द्यायची नव्हती. अंगावरचं शेवटचं वस्त्रसुद्धा काढून देऊ, हे सांगायचं होतं, आणि त्या वस्त्राची जागा त्यांनी गावातल्या प्रत्येकाला समजेल अशा शब्दात सांगितली. ‘कासेची’ म्हटल्यावर अर्थ राहतो, पण त्यागाची धार बोथट होते. मी मुलांना ‘कासेची’ असंच म्हणायला शिकवते, आणि त्यांच्या आई-बाबांना मूळ पाठ सांगते.

आमच्या शेजारच्या गुजराती काकू माझ्या मुलीला ‘गांडी’ म्हणतात. मी काय करू?

काहीही करू नका, त्या तिचे लाड करत आहेत.

गुजरातीत ‘गांडो’ म्हणजे वेडा आणि ‘गांडी’ म्हणजे वेडी. आपण लाडाने ‘वेडाबाई’ म्हणतो तसंच. ‘गांडी छे के?’ म्हणजे ‘वेडी आहेस का?’ महाराष्ट्रातून नव्याने वडोदऱ्यात आलेल्या माणसाला पहिला धक्का बसतो तो हाच. आमच्याच इमारतीत साताऱ्याहून लग्न होऊन एक मुलगी आली. पहिल्या आठवड्यात समोरच्या मासीने, म्हणजे गुजराती मावशीने, ताट भरून ढोकळा आणून दिला. ही म्हणाली, ‘इतकं कशाला?’ त्यावर मासी हसून म्हणाली, ‘गांडी, खा ने!’ मुलीने ताट घेतलं, दार लावलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडत बसली. तिच्या सासूबाईंनी संध्याकाळी अर्थ सांगितला तेव्हा ती ताट परत करायला गेली. रिकामं ताट परत करायचं नसतं म्हणून त्यात शंकरपाळे घालून गेली. आता त्या दोघींचं इतकं गूळपीठ आहे की हीच पलीकडच्या नातवाला ‘गांडो’ म्हणते.

रस्त्याकडेला, ओसाड रानात वाढणाऱ्या काटेरी झाडालाही गुजरातीत ‘गांडो बावळ’ म्हणतात, म्हणजे वेडी बाभूळ, कारण ते वेड्यासारखं कुठेही वाढतं. आपल्या शब्दाशी अर्थाने या शब्दाचं काही नातं नाही. फक्त सांभाळायचं एवढंच, की मराठीतला ‘गांडू’ हा वेगळा आणि खरोखर अपमानाचा शब्द आहे. इथे वाढलेली मराठी मुलं सुट्टीत पुण्या-मुंबईला गेली की ‘गांडो’ अशी सहज हाक मारतात आणि तिथले मामा-मावश्या हबकतात. जाण्याआधी मुलांना सांगून ठेवा.

‘कमरेत दुखतंय’ म्हटलं तर काय बिघडतं? समजून घेतात की लोक.

नेहमी समजून घेत नाहीत. हे मी घरच्या अनुभवावरून लिहिते आहे.

माझ्या सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. मोरीत पाय घसरून त्या बसल्या जागी आपटल्या. आवाज ऐकून मी धावले तेव्हा त्या हौदाच्या कठड्याला धरून उठायचा प्रयत्न करत होत्या. ‘काही नाही गं, कमरेत जरा लचक भरली.’ काठी टेकत चालत होत्या, म्हणून काही मोडलं असेल असं कोणाला वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी जवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण, गुजराती. सासूबाईंना गुजराती चांगलं यायचं, पण परक्या पुरुषासमोर त्या मलाच पुढे करायच्या. मी त्यांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं: ‘कमरमां दुखे छे.’ डॉक्टरांनी कमरेचा एक्स-रे काढला. मणके वयाच्या मानाने ठीक होते. गोळ्या, मलम, शेक आणि विश्रांती.

चार रात्री त्या झोपल्या नाहीत. पाचव्या दिवशी मी त्यांना अंघोळ घालताना विचारलं, ‘आई, बोट ठेवून दाखवा, नेमकं कुठे?’ त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. मग हात डाव्या कुल्ल्याच्या बाजूला ठेवला, आणि तिथून पुढे जांघेपर्यंत नेला. कंबर त्याच्या वीतभर वर होती. दुसऱ्या ठिकाणी नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी पाहिल्याबरोबर विचारलं, ‘थापामां?’ गुजरातीत खुब्याला ‘थापो’ म्हणतात. खुब्याच्या हाडाला तडा गेला होता, आणि चार दिवस चालल्यामुळे तो सरकला होता. शस्त्रक्रिया करावी लागली.

पहिल्या डॉक्टरांनी हात लावून तपासायला हवं होतं, हा राग माझा आजही आहे. पण आमच्या घरात चार दिवस एकही माणूस ‘कुल्ला’ म्हणाला नाही, ‘जांघ’ म्हणाला नाही, हेही तितकंच खरं आहे. सासूबाई लाजल्या, मी त्यांच्या लाजेला मान दिला, आणि त्याची किंमत त्यांच्या हाडाने दिली.

मग दवाखान्यात कोणत्या जागेला काय म्हणायचं?

वरून खाली सांगते. पाठीच्या शेवटी, घागर टेकवतात ती ‘कंबर’. दोन कुल्ल्यांच्या फटीच्या अगदी वर, मधोमध, मणक्याचं शेवटचं टोक ते ‘माकडहाड’. शेपटी जिथे असती ते हाड, म्हणून हे नाव, आणि मला हा मराठीतला सुंदर शब्द वाटतो. जिन्यावरून घसरून ढुंगणावर आपटलं की बहुतेक वेळा तेच दुखतं, आणि बसताना जास्त दुखतं. मागचे दोन मांसल गोळे ते ‘कुल्ले’. बाजूला, मांडीचं हाड कमरेच्या हाडाला जिथे जोडलेलं असतं तो सांधा ‘खुबा’. पुढून, पोट आणि मांडी यांच्यामधली घडी ती ‘जांघ’.

गुजराती डॉक्टरांशी बोलताना कंबर म्हणजे ‘कमर’, खुबा म्हणजे ‘थापो’, कुल्ला म्हणजे ‘कूलो’. ढुंगणाला बोलीत ‘ढगरा’ असा शब्द आहे. हिंदी बोलणाऱ्या डॉक्टरांनी ‘कूल्हा’ म्हटलं तर ते खुब्याबद्दल बोलत आहेत हे लक्षात ठेवा. मराठी कान ‘कूल्हा’ ऐकून ‘कुल्ला’ समजतो आणि मान डोलावतो. शंका आली तर बोट ठेवून दाखवा. बोटाला भाषांतर लागत नाही.

‘कमरेत इंजेक्शन’ म्हणतात ते खरं कुठे देतात?

कुल्ल्यावर. आपण लाजून ‘कमरेत’ म्हणतो. कुल्ल्याचा मोठा स्नायू हा शरीरातला सगळ्यांत मोठा स्नायू, त्याच्याच जोरावर आपण बसलेले उठतो आणि जिना चढतो. त्यातही सुई वरच्या, बाहेरच्या बाजूच्या चौथाई भागात देतात, कारण खालून-आतून पायाकडे जाणारी जाडजूड नस जाते आणि तिला सुई लागू द्यायची नसते.

दाताच्या डॉक्टरांनी ‘कुल्ला करो’ म्हटल्यावर मुलगा फिदीफिदी हसला. हा काय घोळ?

दोन वेगळे शब्द योगायोगाने सारखे झाले आहेत. हिंदीत ‘कुल्ला’ म्हणजे तोंडात पाणी घेऊन खळखळून टाकणे. मराठीत आपण ‘चूळ भरणे’ म्हणतो. तो शब्द संस्कृत ‘चुलुक’पासून, म्हणजे एका हाताच्या खोलगट तळव्यात मावेल एवढं पाणी. गुजरातीत ‘कोगळा’. मुलाला रागावू नका. दोन भाषा एकदम येत असल्याशिवाय असं हसू येत नाही.

‘गांडूळ’ आणि ‘गांडीव’ हे शब्द मुलांसमोर म्हणावेत का?

अवश्य. गांडुळाचं संस्कृत नाव ‘गंडूपद’. त्यावरून ‘गांडूळ’ झालं, त्याचा त्या दुसऱ्या शब्दाशी संबंध नाही. काही पालक ‘दानवे’, ‘वाळे’ किंवा इंग्रजी नाव वापरायला लावतात, त्याची गरज नाही. अर्जुनाचं धनुष्य ‘गांडीव’ हेही स्वतंत्र.

‘पार्श्वभाग’ हा शुद्ध शब्द आहे ना? तोच का वापरू नये?

वापरा, पण तो जितका शुद्ध वाटतो तितका नेमका नाही. संस्कृतात ‘पार्श्व’ म्हणजे बाजू, कूस, बरगड्यांकडची जागा. ‘पर्शु’ म्हणजे बरगडी, त्यावरून ‘पार्श्व’. ‘पार्श्वभूमी’, ‘पार्श्वगायन’ अशा शब्दांत ‘मागचं’ असा अर्थ मराठीत आणि हिंदीत रुळला, आणि मग लाज झाकायला ‘पार्श्वभाग’ तयार झाला. पोलिसांच्या पंचनाम्यात आणि वर्तमानपत्रात तो चालतो. घरात कोणी ‘माझा पार्श्वभाग दुखतोय’ म्हणत नाही.

‘नितंब’चं तसं नाही, तो खरोखर जुना आणि नेमका शब्द आहे. अमरकोशात त्याचा अर्थ दिला आहे स्त्रीच्या कटीचा मागचा भाग. पुढच्या भागाला ‘जघन’. आणि त्याच कोशात डोंगराच्या उताराच्या अंगालाही ‘नितंब’ म्हटलं आहे. पावागढाकडे वडोदऱ्याहून पाहिलं की पठारापासून खाली उतरणारी जी भरीव बाजू दिसते, तिला संस्कृत कवी बिनधास्त नितंब म्हणाला असता. अडचण अशी की आजच्या मराठीत ‘नितंब’ म्हटलं की लावणीतल्या किंवा शृंगारातल्या वर्णनासारखं वाटतं. ‘बाळाच्या नितंबावर पुरळ आलंय’ हे वाक्य औषधाच्या डबीवर चालेल, आईच्या तोंडी नाही.

पुरुषांना आणि स्त्रियांना सारखाच लागू पडणारा, वैद्यकातला संस्कृत शब्द हवा असेल तर तो ‘स्फिच्’, आयुर्वेदाच्या ग्रंथांत ‘स्फिक्’ म्हणून येणारा. पण तो आता फक्त वैद्यांनाच कळतो.

‘बूड’ म्हणजे पण तेच का?

हो, आणि आणखी बरंच काही. बूड म्हणजे तळ. भांड्याचं बूड, डब्याचं बूड, आणि माणसाचं बूड, कारण बसल्यावर तोच आपला तळ असतो. यात अजिबात अश्लीलता नाही, म्हणून सभ्य मराठीत ‘ढुंगण’ची कामं बूडच करतं. ‘जरा बूड टेकू दे’, ‘त्याचं बूड एका जागी ठरत नाही’, ‘आधी आपल्या बुडाखाली काय जळतंय ते बघ’. ‘बिनबुडाचे आरोप’ तर वर्तमानपत्रात रोज असतात.

झाडाचा ‘बुंधा’ संस्कृत ‘बुध्न’वरून आला, म्हणजे तळ, मूळ. ऋग्वेदातला ‘अहिर्बुध्न्य’ म्हणजे खोल तळाशी राहणारा सर्प. ‘बूड’ही त्याच घरातलं समजतात. आणि इंग्रजी ‘बॉटम’ हा या ‘बुध्न’चाच चुलतभाऊ आहे, दोघं एकाच प्राचीन मुळातून निघाले. मुलांना हे सांगितलं की त्यांचे डोळे मोठे होतात. ‘बॉटम’ म्हणणारी मुलगी सभ्य आणि ‘बूड’ म्हणणारी गावंढळ, असं आता मला कोणी सांगू नये.

‘बोचा’?

हा टवाळ, पोराटकी शब्द. मित्रामित्रांत चालतो, ‘बोच्यावर लाथ’ असा. ढुंगणापेक्षा एक पायरी खाली, गांडीपेक्षा एक पायरी वर. मोठ्यांसमोर नको.

आजोबा म्हशीच्या ‘पुठ्ठ्या’वर थाप मारायचे म्हणतात. पुठ्ठा म्हणजे वहीचा ना?

दोन्ही. जनावराच्या मागच्या भरीव भागाला पुठ्ठा म्हणतात, घोडा आणि बैल पारखताना पुठ्ठे बघतात. हा शब्द ‘पृष्ठ’वरून, म्हणजे पाठ. पुस्तकाच्या पाठीला लावतात तो जाड कागद तोही पुठ्ठाच. माणसाला तो लावत नाहीत, निदान तोंडावर नाही.

मुलं ‘बम’ म्हणतात. चालेल का?

घरात चाललं तर चालू द्या, पण ते इंग्रजीतही बोलीतलंच आहे, हे माहीत असू द्या. ‘बम’ हा इंग्रजीत चौदाव्या शतकापासून सापडतो आणि तो ‘बॉटम’चा संक्षेप नाही, या अर्थाने ‘बॉटम’ कितीतरी नंतर आला. अमेरिकेत ‘बम’ म्हणजे भणंग, बेकार माणूस. ‘फॅनी’ अमेरिकेत ढुंगणाला म्हणतात आणि ब्रिटनमध्ये स्त्रीच्या जननेंद्रियाला, त्यामुळे तिकडे शिकायला जाणाऱ्यांनी तो टाळलेलाच बरा.

म्हणजे त्यांच्याकडेही शब्दांच्या अशाच पायऱ्या आहेत. आपल्याला त्या ऐकू येत नाहीत इतकंच. परक्या भाषेतला शब्द सभ्य वाटतो, कारण त्या शब्दाने आपल्याला लहानपणी कोणी रागावलेलं नसतं.

लहान मुलाला नेमका कोणता शब्द शिकवू?

‘ढुंगण’. लाडाने ‘ढुंगू’ म्हणा. ‘कुल्ले’ही शिकवा. ‘शीची जागा’, ‘मागचं’, ‘तिकडचं’ एवढ्यावर थांबू नका. मुलाला जंत झाले, तिथे खाज आली, पुरळ उठलं, बाकावरची फळी लागली, तर त्याला सांगता आलं पाहिजे. आणि कोणी नको तिथे हात लावला, तरी सांगता आलं पाहिजे. ज्या जागेला घरात नावच नाही, त्या जागेबद्दल मूल तक्रार करत नाही. ‘तिथे’ म्हणतं, आणि मोठी माणसं घाईत असतात. शिकवताना आपण हसू नये आणि कुजबुजू नये. ‘कोपर’, ‘गुडघा’ म्हणतो त्याच आवाजात म्हणावं.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही तेच. त्यांनी हा शब्द लहानपणी मोकळेपणाने म्हटलेला असतो, मधल्या साठ वर्षांत तो दडपला गेलेला असतो. आपण आधी म्हणायचं, मग त्या म्हणतात. सासूबाई शस्त्रक्रियेनंतर घरी आल्या, तेव्हा फिजिओथेरपीला येणाऱ्या मुलीला पहिल्याच दिवशी त्यांनी खणखणीत सांगितलं, ‘डावा कुल्ला उचलताना कळ येते.’ त्या मुलीला मराठी येत नव्हतं, मी भाषांतर केलं. या वेळी नेमकं केलं.

‘ढुंगणाला पाय लावून पळणे’ हा वाक्प्रचार निबंधात लिहिला तर गुण जातील का?

जाऊ नयेत. जिवाच्या आकांताने पळणाऱ्याच्या टाचा मागे उसळून खरोखर तिथवर पोचतात, इतकं हुबेहूब चित्र आहे ते. सूरसागर तलावाच्या काठावर कुत्रं मागे लागलेल्या मुलाला पळताना पाहा, म्हणजे पटेल. ‘धूम ठोकली’, ‘पोबारा केला’ हेही चांगले आहेत, पण त्यांत टाचा दिसत नाहीत. एका मुलाने शाळेतल्या निबंधात हा वाक्प्रचार लिहिला आणि तांबड्या शाईची रेघ घेऊन आला. मी त्याला म्हटलं, रेघ राहू दे, वाक्य चांगलं आहे.

याच जातीचा दुसरा, ‘कमरेचं सोडून डोक्याला गुंडाळणे’, म्हणजे लाजलज्जा सोडून देणे. यात शब्द ‘कमर’ आहे, पण उघडं काय पडतं ते सगळ्यांना कळतं. ‘आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं पाहायचं वाकून’ यात तर नावच घेतलेलं नाही.

‘ढुंगण’चं अनेकवचन काय?

‘ढुंगणं’. लिहिताना ‘ढुंगणे’. मागच्या रविवारी हा प्रश्न सहा वर्षांच्या मुलीने विचारला, वर्गात सगळ्यांसमोर, हात वर करून. कोणी हसलं नाही. मी फळ्यावर लिहिलं, तिने वहीत लिहून घेतलं: एक ढुंगण, दोन ढुंगणं. एक कुल्ला, दोन कुल्ले. मग सगळ्यांनी सतरंजीवर ढुंगणं टेकली आणि आम्ही पुढचा धडा उघडला.